केदारकंठा ट्रेक: कपडे तपासणी, येत्या रविवारी

सर्व सभासदांना नमस्कार,

डिसेंबरच्या ट्रेकला नाव दिलेल्या प्रत्येकाने रविवारी सायंकाळी 6 वाजता नेहमीच्या हॉलवर आपले कपडे आणि बूट घेऊन यायचं आहे. फोटो पाठवून चालणार नाही.

उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराची उंची सुमारे 3,800 मीटर. माथ्यावर पहाटे पारा शून्याच्या बराच खाली असतो, वर वारा. सह्याद्रीतला विंडचीटर तिथे एकटा पुरत नाही.

• सुती काहीही नको. बनियनसुद्धा नाही. सुती कापड घाम धरून ठेवतं, लवकर वाळत नाही आणि थांबलात की अंगातली ऊब ओढून घेतं. जीन्सवाल्यांना बेसकॅम्पच्या पुढे नेणार नाही.
• तीन थर: अंगालगत थर्मल, वर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. ते बाकीच्या थरांवर सैल बसायला हवं, घालूनच दाखवा. एकच जाडजूड जॅकेट नको, चढताना घाम फुटण्याआधी एक थर उतरवता आला पाहिजे.
• हातमोज्यांचे दोन जोड, कानटोपी, बर्फासाठी यूव्ही गॉगल.
• लोकरी मोजे घालून बुटात बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त फिरत नाही, पाय गारठतात. झोपायचे मोजे वेगळे, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे.

महागडं सामान विकत घ्यायची घाई नको. जॅकेट ट्रेकच्या पायथ्याच्या सांकरी गावात भाड्यानेही मिळतं. थर्मल मात्र स्वतःचंच आणा.