फाइल मागितली की नातेवाईक परके?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील शुश्रूषा केंद्रचालकांची बाजू वाचली आणि राहवलं नाही, म्हणून लिहीत आहे. नातेवाईक ऊठसूट संशय घेतात, रुग्णाची माहिती गोपनीय असते, असं त्यांचं म्हणणं. गोपनीय कोणापासून? माझी मावशी विधवा, मूलबाळ नाही. तिला भरती करताना ‘जबाबदार नातेवाईक’ म्हणून फॉर्मवर सही माझी, अनामत माझी, दर महिन्याचं बिल माझ्या नावावर. फाइलची झेरॉक्स मागितली, तेव्हा मात्र ‘तुम्ही मुलगी नाही ना’ असं ऐकवलं.

मावशीला मधुमेह आहे आणि स्मृतिभ्रंशही. एका सकाळी केंद्रातून फोन आला, ‘आजी उठत नाहीत, घेऊन जा.’ रुग्णालयात पोहोचलो तेव्हा साखर ४८, म्हणजे फारच कमी. तिथल्या डॉक्टरांनी साधे प्रश्न विचारले: इन्सुलिन शेवटचं कधी दिलं, किती युनिट, रात्री जेवल्या होत्या का, झोपेची गोळी चालू आहे का? माझ्या हातात केंद्राची अर्ध्या पानाची चिठ्ठी होती. तीत लिहिलं होतं, ‘वयोमानानुसार अशक्तपणा.’ बाकी काही नाही. केंद्राला फोन लावला, तर ‘मॅडम आल्यावर बोला.’

नंतर मी जाऊन औषधांचा तक्ता पाहिला; काउंटरच्या पलीकडून, सिस्टरनी धरलेला. सकाळ, दुपार, रात्र, तिन्ही पाळ्यांच्या सह्या एकाच अक्षरात, एकाच निळ्या पेनाने. मोबाइलवर फोटो काढते म्हटलं, तर फाइल मिटली. केंद्रात येणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, मी फक्त व्हिजिटला येतो, कागद केंद्राकडे. केंद्र म्हणतं, लिहिलंय डॉक्टरांनी, त्यांना विचारा. माझा लेखी अर्ज घेतला, पोच द्यायला नकार.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट आहे की रुग्णाने किंवा त्याची काळजी घेणाऱ्या अधिकृत व्यक्तीने मागणी केल्यास कागदपत्रं ७२ तासांत द्यावीत. त्याआधी, १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं आहे की केसपेपरच्या प्रती रुग्णाला किंवा नातेवाइकांना देताना रुग्णालयांना गुप्ततेची सबब सांगता येणार नाही. हवा तर खर्च घ्यावा. मी झेरॉक्सचे पैसे द्यायला तयारच होते.

आता चालकांचा नवा मुद्दा: आम्ही हॉस्पिटल नाही, ‘निवासी सेवा’ आहोत. मग बिलात ‘नर्सिंग चार्जेस’ आणि ‘डॉक्टर व्हिजिट’ कशाचे लावता? महाराष्ट्राचा नर्सिंग होम नोंदणी कायदा १९४९ चा आहे आणि त्याच्या व्याख्येत आजार, इजा यांच्याबरोबर दुर्बल, अपंग अवस्थेतल्या माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा करणारी जागाही येते. मावशीला इन्सुलिन टोचणारी जागा यात बसत नसेल, तर कोणती बसते?

ज्या माणसाला रात्री जेवलो की नाही हेही सांगता येत नाही, त्याच्यासाठी ती फाइल हीच जीभ आहे. तीच दाबून ठेवायची आणि वर नातेवाइकांना संशयी म्हणायचं, याचा मला मनस्वी संताप येतो.

आणखी एक, रागावू नका. त्याच लेखाखाली आपण अशाच एका केंद्राची पाव पान जाहिरात छापली आहे: ‘घरच्यासारखी काळजी, चोवीस तास डॉक्टर.’ चोवीस तास डॉक्टर म्हणजे फोनवर की प्रत्यक्ष, हे जाहिरात घेताना विचारता येत नाही का? आमच्यासारखे लोक आपल्या पेपरावर विश्वास ठेवून तिथे फोन करतात.

पुढच्या लेखासाठी त्या चालकांना भेटाल, तेव्हा एवढंच विचारा, की लेखी मागणी केल्यावर प्रत नाकारता ती कोणत्या नियमाखाली. नियमाचं नाव आणि कलम द्यायला लावा, आणि उत्तर याच पानावर छापा.

आपली,
एक वाचक, पुणे