मार्कस ट्रेस्कॉथिक यांस अनावृत आभारपत्र

आदरणीय मार्कस ट्रेस्कॉथिक यांस,

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडचे सलामीवीर म्हणून तुमचे नाव निघाले की आमच्याकडचे क्रिकेटरसिक बहुधा २००२ सालापाशी थांबतात. त्या जानेवारीत ईडन गार्डन्सवर तुम्ही १२१ धावा केल्या, फेब्रुवारीत वानखेडेवर ९५ आणि जुलैमध्ये लॉर्ड्सवरच्या नॅटवेस्ट मालिकेच्या अंतिम सामन्यात १०९. तो अंतिम सामना आम्ही युवराज आणि कैफ यांच्या भागीदारीसाठी मनात जपून ठेवला आहे, पण इंग्लंडच्या ३२५ धावांचा पाया तुमच्या शतकाने घातला होता. हे पत्र मात्र त्या धावांसाठी नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडल्यानंतर तुम्ही सॉमरसेट या कौंटीच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या एका परगण्याच्या, संघाकडून जी वर्षे खेळलात, त्यांबद्दल मला तुमचे आभार मानायचे आहेत, कारण त्या वर्षांनी आमच्या घरातल्या एका मुलाला सावरले.

२००६ च्या फेब्रुवारीत तुम्ही इंग्लंडच्या संघाबरोबर भारतात आलात आणि वडोदऱ्याच्या सराव सामन्यादरम्यान अचानक मायदेशी परतलात. काही दिवसांनी आमच्या नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर, वेस्ट इंडिजमधून घाईने बोलावलेल्या ॲलिस्टर कुकने कसोटी पदार्पणात ६० आणि नाबाद १०४ धावा केल्या. नागपूरकरांना तो सामना कुकच्या शतकामुळे आणि माँटी पनेसरच्या पहिल्याच कसोटी बळीमुळे आठवतो, कारण तो बळी तेंडुलकरचा होता. तुम्ही का परतलात, हे तेव्हा कोणालाच नीट कळले नाही. आधी वैयक्तिक कारण छापून आले, नंतर विषाणूसंसर्गाचे नाव पुढे आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तुम्ही ऑस्ट्रेलियातूनही परतलात. मार्च २००८ मध्ये सॉमरसेटच्या संघाबरोबर हंगामपूर्व सरावासाठी संयुक्त अरब अमिरातीला निघालेले असताना हीथ्रो विमानतळावरून पुढे पाऊल टाकणे तुम्हाला अशक्य झाले आणि त्याच महिन्यात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ७६ कसोटी सामने, ५,८२५ धावा आणि १४ शतके मागे ठेवून तुम्ही इंग्लंडच्या संघाचा निरोप घेतलात.

त्याच वर्षी आलेल्या आत्मचरित्रात तुम्ही खरे कारण लिहिले. नैराश्य, घरापासून दूर असतानाची जीवघेणी अस्वस्थता, हॉटेलच्या खोलीतल्या रात्री, हे सारे तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितले. २००५ च्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ॲशेस मालिकेत ४३१ धावा करणारा, एजबॅस्टन कसोटीच्या पहिल्याच दिवशी ऑस्ट्रेलियाच्या गोलंदाजांवर तुटून पडून ९० धावा काढणारा सलामीवीर हे सांगत होता, म्हणून त्या शब्दांना वेगळे वजन आले. वेगवान चेंडूची भीती न वाटणाऱ्या माणसालाही मनाचा आजार होऊ शकतो, हे एका क्रिकेटपटूने स्वतःच्या नावानिशी लिहून ठेवणे आमच्यासाठी फार मोलाचे ठरले.

माझा मुलगा वयोगटाच्या क्रिकेटमध्ये चांगला खेळत होता. बाहेरगावच्या सामन्यांना जायला लागल्यावर त्याची झोप उडाली. छातीत धडधड होई, जेवण जात नसे आणि मैदानावर उतरेपर्यंत त्याचे अंग गळून गेलेले असे. एका जाणकार समजल्या जाणाऱ्या गृहस्थांनी ‘मनाने कच्चा आहे’ असा निकाल त्याच्यासमोरच दिला. आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, औषधोपचार आणि समुपदेशन सुरू झाले, आणि त्याच काळात तुमचे पुस्तक त्याच्या हाती पडले. ते वाचून झाल्यावर त्याने मला इंग्लंडचा संघ सोडल्यानंतरचे तुमचे सामने शोधून द्यायला सांगितले. घरी परतलेल्या माणसाचे पुढे काय होते, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते.

पुढे जे झाले ते आम्ही दोघांनी मिळून वाचून काढले. कौंटी क्रिकेटला आपल्याकडे पुष्कळदा दुय्यम मानले जाते, पण १८९० पासून अधिकृतपणे चालत आलेली ती अजिंक्यपद स्पर्धा, एप्रिलच्या गारठ्यापासून सप्टेंबरच्या उतरत्या उन्हापर्यंत चालणारे ते चार-चार दिवसांचे सामने आणि टोन नदीकाठचे टॉन्टनचे मैदान यांत एका खेळाडूचे पूर्ण आयुष्य मावते, हे तुमच्याकडे पाहून पटले. २००९ आणि २०११ मध्ये देशातल्या व्यावसायिक क्रिकेटपटूंनी आपल्या मतांनी तुम्हाला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडले. त्यातल्या २००९ सालाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. त्या ऑक्टोबरमध्ये ट्वेन्टी-२० क्रिकेटच्या चॅम्पियन्स लीगसाठी तुम्ही संघाबरोबर हैदराबादला आलात, जुना त्रास उफाळला आणि स्पर्धा अर्धवट सोडून परतलात. त्यानंतरच्याच हंगामात, २०१० मध्ये, जस्टिन लँगरनंतरचे कर्णधारपद तुमच्याकडे आले. अर्ध्यावरून परतलेल्या माणसाच्या हाती क्लबने संघ सोपवला आणि पुढची सहा वर्षे तो त्याच्याच हाती राहिला. माझ्या मुलाने ही नोंद वाचली, तेव्हा कितीतरी महिन्यांनी त्याने आपण होऊन बॅट बाहेर काढली.

विजेतेपदाने तुम्हाला हुलकावणी दिली, हेही खरे. २०१० मध्ये नॉटिंगहॅमशायरइतकेच गुण मिळवूनही जिंकलेले सामने कमी म्हणून अजिंक्यपद गेले. त्याच वर्षी ट्वेन्टी-२० च्या अंतिम सामन्यात धावा बरोबरीत सुटल्या आणि अधिक गडी गमावल्याने चषक हॅम्पशायरला मिळाला. २००१ ते २०१९ या काळात कौंटी अजिंक्यपद स्पर्धेत सॉमरसेट सहा वेळा दुसऱ्या क्रमांकावर राहिले. तरीही दर एप्रिलमध्ये तुम्ही नव्याने सलामीला उतरत राहिलात, १९९३ पासून २०१९ पर्यंत, एकाच कौंटीसाठी.

तुमच्याआधी सॉमरसेटसाठी सर्वाधिक, म्हणजे ४९, प्रथम श्रेणी शतके हॅरोल्ड गिम्ब्लेट यांच्या नावावर होती. तेही सलामीवीर, तेही याच आजाराने ग्रासलेले. १९५४ मध्ये त्यांना खेळ सोडावा लागला आणि १९७८ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. तुम्ही तो विक्रम ५२ शतकांपर्यंत नेलात. गिम्ब्लेट यांच्या काळात हा आजार चारचौघांत बोलण्याचा विषय नव्हता. त्यांना जे उघडपणे सांगता आले नाही ते तुम्ही सांगितलेत. त्यामुळे तुमच्या त्या बावन्न शतकांचा हिशेब मला धावांपेक्षा मोठा वाटतो.

माझा मुलगा आज नागपूरच्या गझदर लीगमध्ये खेळतो, दिवसभर खेळून रात्री घरी येतो, आणि बाहेरगावी जाणे शक्य असेल तेव्हाच जातो. क्रिकेट त्याच्याकडे राहिले, याचे श्रेय त्याच्या डॉक्टरांइतकेच मी तुम्हाला देतो. त्याबरोबरच, हीथ्रोवरून परतलेल्या तुम्हाला आपल्यातलेच मानणाऱ्या सॉमरसेटच्या सहकाऱ्यांचे, तुमच्यावर कर्णधारपदाचा विश्वास टाकणाऱ्या क्लबच्या मंडळींचे आणि त्या सर्व काळात तुमच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या तुमच्या पत्नीचेही मनःपूर्वक आभार. हे पत्र मराठीत आहे; कोणी तुम्हाला त्याचा अर्थ समजावून सांगितला, तर एका नागपूरकर कुटुंबाचा नमस्कार तुमच्यापर्यंत पोहोचेल.

आपला कृतज्ञ,
एका खेळाडूचा पिता, नागपूर