वाढत्या अंगाचे घर

नागपूर

चि. माईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. मे महिन्यात तू पुण्याहून कायमची परत येणार आणि सोबत तुझी पाळलेली बोआ सापीणही येणार, हे वाचून आई आजीला कसे सांगावे या विचारात पडली आणि मी टेप काढून मागच्या खोलीची भिंत मोजली. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद काचेची टाकी घेऊन ठेवा, तेवढी सध्या पुरेल, असे तू लिहिले आहेस. सध्या पुरेल हे खरे आहे. पण तुझ्या लहानपणी आई तुझे फ्रॉक नेहमी वाढत्या अंगाचे शिवायची आणि खाली चार बोटांची दुमड ठेवायची, ती कशासाठी हे तू विसरलीस असे दिसते.

दिवाळीत तू दाखवायला आणलेली कात मी जपून ठेवली होती. काल ती जेवणाच्या टेबलावर पसरून मोजली, तर 4 फूट 2 इंच भरली. उलट्या काढलेल्या मोज्यासारखी ती आतली बाजू बाहेर झालेली आहे आणि डोळ्यांवरचे दोन गोल पापुद्रेसुद्धा शाबूत आहेत. म्हणजे तिथला ओलावा तू नीट सांभाळला आहेस. मात्र खवल्यांच्या मधली दुमडलेली कातडी निघताना उलगडते, त्यामुळे कात सापापेक्षा नेहमी लांब भरते आणि त्या मापावर पेटी करता येत नाही. साप भिंतीच्या कडेकडेने जातो, तेव्हा स्कर्टिंगच्या टाइलवर मोजपट्टी चिकटव, तिला शेजारून सरपटू दे आणि अंग सरळ झाले की वरून फोटो काढ. ओढून ताणून मोजू नकोस.

जन्मतः जेमतेम दीड फुटाची असणारी ही बोआ मादी असल्यामुळे पूर्ण वाढीला साधारण 6 ते 8 फूट होईल, आणि नीट सांभाळली तर 20 ते 30 वर्षे जगेल. घर लहान ठेवले की साप लहान राहतो, असे तुझ्या मित्राने सांगितल्याचे तू लिहितेस. वाढ ठरते ती वाणावर आणि खाण्यावर. अपुऱ्या पेटीत ती तशीच वाढते, फक्त अंग सरळ करायला जागा मिळत नाही. मोठ्या पेटीत लहान साप घाबरून जेवत नाही, हे दुसरे म्हणणे मात्र अर्धे खरे आहे. तो घाबरतो ते उघड्यावर पडल्यामुळे. अंगाला चिकटून बसेल अशी लपण्याची जागा दोन्ही टोकांना दिली आणि मधे सुका पाला, फांद्या घातल्या, तर लांबीचे भय राहत नाही.

लांबीचा आग्रह मी धरतो आहे तो केवळ अंग पसरण्यासाठी नाही. स्वतःच्या शरीराची ऊब तयार न करणाऱ्या या जनावराला एका टोकाला सुमारे 32 अंश आणि दुसऱ्या टोकाला 25 ते 27 अंश मिळाले पाहिजेत, म्हणजे ते आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलते. पुण्यात तू दिवा लावून हे साधलेस. इथे मे अखेरच्या नवतपात बाहेर पारा 45 च्या आसपास असतो, कूलर बंद पडला की खोलीतही जीव नकोसा होतो, आणि आखूड पेटीची दोन्ही टोके सारखीच तापतात. डिसेंबरच्या रात्री पुन्हा नेमका उलट प्रश्न उभा राहतो. म्हणून स्लॅबखालची वरची खोली मी सोडून दिली आणि तळमजल्यावरची मागची धरली. कूलरमुळे तिला हवा असलेला 60 ते 70 टक्के ओलावाही मिळेल, पण त्याचा झोत थेट जाळीवर येता कामा नये. दिव्याला थर्मोस्टॅट आणि भोवती जाळी हवीच.

आता माझा आराखडा. लांबी 8 फूट, उंची 3 फूट आणि खोली 2 फूट 6 इंच. हे शेवटचे माप मोतीबागेच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला टेपशिवाय कळते, कारण आपल्याकडच्या नॅरोगेजचे रूळ तेवढ्याच अंतरावर असायचे. मात्र पेटी एकसंध न करता चार-चार फुटांचे दोन भाग बोल्टने जोडायचे आणि मधे काढता येणारी फळी ठेवायची. मे महिन्यात ती एका भागात राहील. अंग पाच फुटांकडे जाऊ लागले की फळी काढायची. आईच्या शिवणातली दुमड ती हीच. लकडगंजात 8 बाय 4 फुटांची मरीन प्लायची शीट मिळते, आणि हिशेब चार शीटांत बसतो: दोन तळ एकीत, दोन छते दुसरीत, पाठ तिसरीत आणि तीन बाजूफळ्या चौथीत. दार समोरून सरकत्या काचेचे, कुलपासह. वरून येणाऱ्या हाताला साप शिकारी समजतो, शिवाय आजीला कुलूप दिसलेले बरे. पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत आत काही ठेवायचे नाही, म्हणून सुताराला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सांगतो.

केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर केलेल्या बोआच्या नोंदीचे कागद येताना हातात ठेव. आपल्याकडे मांडूळ पकडणारे इतके झाले आहेत की पेटीत साप म्हटले की आधी तीच शंका येते. देशी साप घरात बाळगणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि तुझे जनावर परदेशी आहे हे तोंडी सांगून कोणी ऐकणार नाही. आजी तिला अजगरच म्हणते आहे. अजगर अंडी घालतो आणि ही पिल्ले देते, एवढे सांगितल्यावर ती म्हणाली, मग तर अजूनच वाईट.

काचेचे माप सुताराला देण्याआधी तुझा फोटो मला हवा आहे. या रविवारपर्यंत पाठव.

तुझे,
बाबा