शेली-अ‍ॅनचं टायमिंग पण छापा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

जमैकाची धावपटू शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस सप्टेंबर २०२५ ला टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपनंतर धावायची थांबली. तेव्हापासून तिच्याबद्दल मराठीत जे काही माझ्या वाचनात आलं त्यात 'सुपरमॉम' आणि रंगीबेरंगी केस याच्या पुढे फारसं काही नव्हतं, म्हणून हे पत्र. मी शाळेत पीटी शिकवायचे, पोरींना ग्राउंडवर पळवण्यातच नोकरी गेली, त्यामुळे मला हे फार लागतं की धावपटूबद्दल लिहायचं आणि तिचं टायमिंगच लिहायचं नाही.

मूल व्हायच्या आधी तिचं १०० मीटरचं बेस्ट होतं १०.७० सेकंद, २०१२ सालचं. ऑगस्ट २०१७ मध्ये सिझेरियन होऊन मुलगा झाला. आणि त्यानंतर २०२१ ला जूनमध्ये किंग्स्टनला १०.६३ आणि ऑगस्टमध्ये लॉझानला १०.६०! वय ३४. शंभर मीटरमध्ये एक दशांश सेकंद म्हणजे फिनिशला जवळपास एक मीटर होतो हो, पंचविशीतल्या स्वतःला ती एक मीटरने मागे टाकून गेली. नवीन स्पाइक्समुळे, म्हणजे धावायच्या खिळ्यांच्या बुटांमुळे, सगळ्यांचंच टायमिंग सुधारलं असं काही जण म्हणतात, असेलही, पण शेजारच्या लेनमधल्या पोरींच्या पायातही तेच स्पाइक्स होते ना.

किंग्स्टनमधल्या वॉटरहाउस या गरीब आणि गोळीबारासाठी बदनाम वस्तीत ती वाढली, आई रस्त्यावर माल विकून घर चालवायची, उंची जेमतेम पाच फूट. २००८ ला ऑलिम्पिकसाठीच्या जमैकाच्या ट्रायल्समध्ये, म्हणजे निवड स्पर्धेत, दुसरी आली तरी लोक म्हणत होते हिला कशाला पाठवता, हिच्या जागी चौथी आलेल्या व्हेरोनिका कॅम्पबेल-ब्राउनला न्या, कारण ती नाव कमावलेली. शेवटी बीजिंगला गेली शेली-अ‍ॅनच आणि २१ व्या वर्षी १०.७८ मध्ये गोल्ड घेऊन आली, ऑलिम्पिकमध्ये बायकांची १०० मीटर जिंकणारी पहिली जमैकन. मागे दोघी एकाच वेळेला पोचल्या, दोघींना सिल्व्हर, त्याही जमैकाच्याच! तीस लाखसुद्धा वस्ती नसलेला देश आहे तो. तिथे शाळांची 'चॅम्प्स' नावाची स्पर्धा १९१० पासून चालू आहे आणि नॅशनल स्टेडियम गच्च भरतं, शाळेच्या पोरांची रेस बघायला. हे आपल्या लोकांनी एकदा बघायला पाहिजे.

२०१० ला तिच्यावर सहा महिन्यांची बंदी आली होती, दातदुखीसाठी घेतलेल्या पेनकिलरमुळे. हेही लिहायलाच हवं, लपवण्यासारखं त्यात काही नाही. त्यानंतर २०१२ ला लंडनमध्ये परत ऑलिम्पिक गोल्ड, २०१३ ला मॉस्कोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला १००, २०० आणि रिले तिन्ही. २०१६ ला रिओत पायाचं बोट दुखत असताना ब्राँझ आलं, मग बाळंतपण, तेव्हा भल्याभल्यांना वाटलं की आता झालं.

२०१९ ला दोहात १०.७१ मध्ये वर्ल्ड चॅम्पियन, ३२ व्या वर्षी, आणि मुलाला कडेवर घेऊन ट्रॅकवर. सगळे तोच फोटो छापतात, छापा, मलाही तो आवडतो. पण २०२२ चा सीझन कोण सांगणार? ३५ व्या वर्षी युजीनला १०.६७ मध्ये पाचवं १०० मीटरचं वर्ल्ड टायटल, आणि त्या एका वर्षात सात वेळा १०.७० च्या आत. एकदा लागलेला मटका नव्हता तो. २००८ चं पहिलं गोल्ड ते २०२२ चं हे, चौदा वर्षं झाली मधे, स्प्रिंटमध्ये एवढा काळ कोण टिकतं सांगा मला.

आपल्याकडे पोरगी बावीस-तेवीसची झाली की घरचे म्हणतात बास आता, लग्न ठरलं की स्पाइक्स माळ्यावर, आणि वाईट याचं वाटतं की कोचसुद्धा तिचं नाव यादीतून काढून टाकतात, तिला विचारत पण नाहीत की तुला पळायचंय का अजून. माझ्या हाताखालच्या किती चांगल्या पोरी अशा गेल्या. त्यातल्या एकीच्या जरी सासरी पेपरात हे आकडे वाचले गेले असते की १०.७० आधीचं आणि १०.६० मूल झाल्यावरचं, तर निदान बोलणं तरी निघालं असतं. 'आई असून धावली' असं लिहिलं की लोक कौतुक करतात आणि पान उलटतात. आई झाल्यावर ती जास्त जोरात धावली, असं लिहा.

शेवटच्या टोकियोत ती ३८ वर्षांची होती, फायनलला पोचली, ११.०३ मध्ये सहावी आली आणि रिलेत सिल्व्हर घेऊन गेली. ऑलिम्पिकची एकूण आठ मेडल्स, वर्ल्ड चॅम्पियनशिपची दहा गोल्ड. रविवारच्या पुरवणीत एक पान द्या तिला, वर्षवार टायमिंगच्या चौकटीसकट, शाळांच्या नोटीस बोर्डवर लावता येईल असं.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सांगली