चौदा वर्षांच्या मुलीला ‘हुकमी पदक’ म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शालेय नेमबाजीचे निकाल आपल्या क्रीडापानावर येतात. गेल्या वर्षी त्यात माझ्या मुलीचा फोटो होता. यंदा ती स्पर्धेत उतरली नाही. त्यामागचं कारण इतर पालकांना कळावं म्हणून लिहिते आहे.

पॅरिस ऑलिंपिकचं नेमबाजीतलं कांस्यपदक घेऊन स्वप्नील कुसाळे कोल्हापुरात आले, तेव्हा मिरवणूक बघायला आम्ही मायलेकी उन्हात उभ्या होतो. घरी येताना तिने नेमबाजीच्या रेंजचं नाव काढलं. 10 मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका असतो अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. गुण दशांशात मोजतात, एका शॉटला 10.9 च्या पुढे काही नाही. 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे. 10.4 लागला तरी अर्धा गुण गेला, हे समोरच्या पडद्यावर लगेच दिसतं. माझ्या मुलीला पुढे पुढे तेवढंच दिसायला लागलं.

सरांनी डायरी ठेवायला सांगितली होती. एकदा 60 पैकी चार शॉट नवावर गेले, तर त्या चार शॉटवर तिने लाल पेनाने तीन पानं भरली. बाकीच्या 56 बद्दल एक ओळ नाही. ‘पोर किती बारकाईने लिहिते’ म्हणून मी ती डायरी बहिणीला कौतुकाने दाखवली. तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पहाटे साडेचारला उठून भिंतीवरच्या ठिपक्यावर ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे छर्रा न भरता नेम धरायचा सराव, चालायची, रविवारीसुद्धा. गणपतीला गावी आली नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, आणि तरी आम्ही त्याला जिद्द म्हणत राहिलो.

डिसेंबरात एका सकाळी रेंजवर जायला निघालो होतो. शूटिंगचं जॅकेट जाड आणि ताठ असतं, बटणं जोर लावून बसवावी लागतात. दोन लावली आणि तिसऱ्यावर तिची बोटं थांबली. ‘आई, मला नाही जमत गं,’ एवढंच म्हणाली आणि जॅकेट अंगात तसंच ठेवून उंबऱ्यावर बसली. त्यानंतर तीन महिने तिने रायफलला हात लावला नाही. समुपदेशकांकडे जातो आहोत.

आपल्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये नेमबाजीत विश्वविजेत्या झाल्या. त्यांची पहिली ऑलिंपिक टोकियोची, तेव्हा त्या चाळिशीत होत्या. इतका लांबचा पल्ला असलेल्या खेळात आपण पोरांना नववी-दहावीतच का पिळून काढतो? अभिनव बिंद्राने 2008 ला नेमबाजीत ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. त्यानंतर आलेल्या रितेपणाबद्दल तो स्वतः जाहीरपणे बोलला आहे.

प्रशिक्षकांना विनंती, आठवड्यातून एक दिवस रेंजचं दार मुलांसाठी बंदच ठेवा. नुसतं ‘विश्रांती घे’ म्हटलं तर अशी मुलं घेत नाहीत. पालकांनी मागच्या बाकावर बसून शॉटगणिक गुण नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नयेत. मी टाकत होते. ती मागे वळून माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघायची.

आणि आपल्यालाही एक विनंती. गेल्या वर्षीच्या बातमीत तिच्या नावाआधी ‘हुकमी पदक’ असं छापलं होतं. कात्रण तिने अभ्यासाच्या टेबलावर चिकटवलं होतं, ते परवा तिनेच काढलं. मुलांच्या बातम्या जरूर छापा, फक्त हा शब्द वापरू नका.

आपली,
एक आई, कोल्हापूर