लसूणघासाच्या बियाण्यात अमरवेलीचं बी आल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

ता. निपाणी, जि. बेळगाव
दि. १० मार्च २०२५

महोदय,

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आपल्या कंपनीच्या लसूणघासाच्या बियाण्याच्या एक किलोच्या ५ पिशव्या निपाणीतल्या दुकानातून घेतल्या आणि २० गुंठ्यांत पेरल्या. पावती, रिकाम्या पिशव्या आणि उरलेलं मूठभर बी माझ्याकडे आहे.

माझी ४० दख्खनी मेंढरं आहेत. दिवाळी झाली की माळावरचं गवत वाळतं, त्यात कस राहत नाही, आणि माझ्या मेंढ्या व्यायला लागतात त्याच दिवसांत. मेंढीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दीडपटीहून जास्त प्रथिनं असतात. ती नुसत्या वाळल्या गवतातून कुठून यायची? म्हणून हा घास. ओला आणि उपाशीपोटी दिला तर पोट फुगतं, म्हणून सकाळी कापून सुकत ठेवायचो आणि मेंढरं चरून आली की टाकायचो. जानेवारीतल्या पहिल्या कापणीनंतर फरक दिसला. कोकरं पोटभर पिऊन वर घरच्या चहापुरतं दूध निघायला लागलं. पेंडही निम्म्यावर आली.

दुसऱ्या कापणीला घासावर पिवळे दोरे दिसले. घास वाळतोय असं वाटून मी पाणी वाढवलं. ४ मार्चला तिसरी कापणी करताना कळलं की ती अमरवेल आहे, घासाचाच रस शोषून वाढणारं तण, आणि तिला बियांची बोंडंही धरली होती. तोवर दोन दिवसांचा चारा मेंढरांच्या पोटात गेला होता.

माझ्या रानात याआधी अमरवेल कधीच नव्हती. उरलेलं बी पांढऱ्या कागदावर पसरून पाहिलं, तर घासाच्या दाण्यांत बारीक, खरबरीत, मातकट दाणे निघाले. पेरण्याआधी बी मिठाच्या पाण्यात टाकलं तर हे दाणे वर तरंगतात, हे मला शेती खात्याच्या रयत संपर्क केंद्रात आता कळलं. आपल्या पत्रकात त्याचा एक शब्द नाही, आणि पत्रकही फक्त इंग्रजीत. इथं मराठी आणि कन्नड वाचणारी माणसं आपलं बी विकत घेतात.

घासाचं नुकसान मी सोसेन. पण अमरवेलीचं बी जनावराच्या पोटातून जाऊनही उगवतं आणि जमिनीत दहा-दहा वर्षं जिवंत राहतं. सुगी संपली की मी लोकांच्या रानात मेंढरं बसवतो. लेंडीखत चांगलं म्हणून लोक बोलावून नेतात, धान्य देतात. वडिलांपासून ज्यांच्या रानात आमचा तळ पडतो, त्यांच्या रानात मी हे तण कसं टाकू? म्हणून ४ तारखेपासून मेंढरं घरच्याच वाड्यात आहेत, तिथली लेंडी वेगळी साठवली आहे, आणि तीन ठिकाणची बसवणी मी स्वतः जाऊन नाकारली आहे. अमरवेल चढलेल्या घासाचे पट्टे मुळासकट काढून जाळले.

आपला माणूस येऊन रान पाहू दे, बी तपासणीला नेऊ दे. बियाण्याचे पैसे, बुडालेली बसवणी आणि परत घ्यावी लागलेली पेंड यांची भरपाई द्यावी. त्याहून आधी, या लॉटच्या पिशव्या दुकानांतून उचला आणि ज्यांनी त्या नेल्या त्यांना कळवा. काहींची अजून दुसरीच कापणी चालू असेल, बोंडं धरायच्या आत त्यांना काढता येईल.

१५ दिवसांत मराठीत किंवा कन्नडमध्ये लेखी उत्तर मिळावं. न मिळाल्यास मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला ग्राहक,
(सही)

सोबत: पावतीची प्रत, पिशवीवरच्या लॉट नंबरचा फोटो, रानाचे फोटो