घरात बसणाऱ्यांची बाजू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रसदरात एका वाचकांनी 'घरात बसून लोकशाही टिकत नसते' असा टोला हाणला आहे. चौराह्यावर मेणबत्त्या घेऊन पन्नासच माणसं जमली, इंदूरच्या आपल्या मराठी वस्त्यांतून कोणी फिरकलं नाही, असा त्यांचा राग. राग खरा आहे. पण न फिरकलेल्यांतली एक मी, म्हणून हे पत्र.

मला चौदा वर्षांपासून संधिवात आहे. सकाळी बोटं मोकळी व्हायलाच तासभर जातो. आणि संधिवात नव्हता तेव्हाही चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी बोबडी वळायची. घोषणा देणं माझ्या पिंडातच नाही, आता बासष्टाव्या वर्षी ते कुठून येणार?

मला येतं ते वाचायला. 2025 च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेशात मतदार यादीचं विशेष सघन पुनरीक्षण, म्हणजे घरोघरी फॉर्म देऊन यादीची नव्याने तपासणी, सुरू झालं, तेव्हा शेजारची सूनबाई रडवेली होऊन आली. तिचं माहेर अकोल्याचं. पडताळणीसाठी आधार धरलेल्या इथल्या 2003 च्या यादीत तिचं नाव असणं शक्यच नव्हतं, म्हणून आईवडिलांची महाराष्ट्रातल्या जुन्या यादीतली नोंद फॉर्मवर लिहायची होती. ती यादी म्हणजे स्कॅन केलेली पानं. नाव टाकून शोधायची सोय आम्हाला सापडली नाही. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम पाहणाऱ्या कर्मचारी, म्हणून आलेल्या ताई बिचाऱ्या हिंदी भाषिक. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला, "आंटी, ये मराठी में क्या लिखा है?"

वडिलांना एवढंच आठवत होतं की ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मत द्यायला जायचे. अशा शाळा काय एक-दोन असतात? मी रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त डोळे आणि मान साथ देत नाहीत, पानं सरकवत बसले. चौथ्या दिवशी वडील सापडले. आडनावातली एक मात्रा उडालेली, पण घर क्रमांक बरोबर, खालच्याच ओळीत आई. विधानसभा क्रमांक, भाग क्रमांक, अनुक्रमांक कागदावर उतरवून दिला. त्यानंतर गल्लीतल्या अकरा घरच्या सुना माझ्याकडे आल्या. म्हणजे आल्या नाहीत. मीच निरोप दिला होता की घरी येऊ नका, व्हॉट्सअॅपवर माहिती पाठवा. माणसं आली की चहा होतो, गप्पा होतात आणि माझा दिवस तिथेच संपतो.

तेव्हापासून मी आमच्या भागाची यादी फूटपट्टी धरून ओळीने वाचते. आपले 'काळे' तिथे सरसकट 'काले' झालेत, त्याला इलाज नाही. पण नवऱ्याच्या जागी वडिलांचं नाव, वारलेल्या आजोबांचं नाव तसंच, अठरा पूर्ण झालेल्या नातीचं नावच नाही, हे दिसतं आणि दुरुस्तही होतं. नवीन नावाला फॉर्म 6, वगळायला 7, दुरुस्तीला आणि पत्ता बदलायला 8. ज्याचं त्याने भरायचं, मी फक्त ओळीवर बोट ठेवते.

दुसरं काम दहा रुपयांचं. आमच्या बागेला दीड वर्ष कुलूप होतं. सरकारी कचेरीत मंगळवारी तक्रारी ऐकतात त्या जनसुनवाईत रांगेत उभं राहणं मला झेपत नाही, म्हणून 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज केला. पहिल्यांदा 'कुलूप का लावलं?' असं विचारलं आणि फसले. 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात, कागद मागावा लागतो. दुसऱ्या अर्जात लिहिलं, 'कुलूप लावण्याच्या आदेशाची प्रत द्यावी.' माहिती कशासाठी हवी हे सांगावं लागत नाही, मुदत तीस दिवसांची. सव्विसाव्या दिवशी कुलूप निघालं. प्रत आजतागायत आलेली नाही. बहुधा आदेशच नव्हता. अपील करायला हवं होतं, पण त्या महिन्यात माझी बोटं सुजली होती.

गप्प राहूनही या शहराने राजकारण केलेलं आहे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत इंदूरच्या 2 लाख 18 हजार 674 मतदारांनी 'नोटा'चं, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'चं, बटण दाबलं. ते योग्य की अयोग्य यात मी शिरत नाही, आणि नोटाने निकाल बदलत नाही हेही ठाऊक आहे. पण आकडा देशभर गाजला.

याचा अर्थ रस्त्यावर उतरणारे फुकट, असा मुळीच नाही. 1970 साली नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूर रस्त्यावर उतरलं नसतं, तर 1978 मध्ये सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून ते आपल्या नळाला आलं असतं का? त्या दिवसांत माझे वडील एकाही मोर्चात नव्हते. आई सांगायची, रात्री दार लावून ते पत्रकांसाठी स्टेन्सिल कापायचे आणि सकाळी शाईची बोटं खिशात लपवून ऑफिसला जायचे. मोर्चातल्या माणसाच्या हातात कागद असतो, तो कोणीतरी लिहिलेला असतोच ना?

माझ्यासारख्यांनाही एक सुनावते. 'मला गर्दी सोसत नाही' म्हणत दिवसभर फॉरवर्ड ढकलणं म्हणजे शांत काम नव्हे, ते नुसतं बसणं. त्या बाबतीत पत्रलेखकांचा टोला मान्य.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणं आहे. यादीवर दावे-हरकती घेण्याची शेवटची तारीख आणि फॉर्मचे क्रमांक आपण मराठीत, ठळक चौकटीत छापावेत, आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान पंधरा दिवस आधी. मला एका दिवसात एवढं वाचून होत नाही.

आणि त्या पत्रलेखकांना निरोप: पुढच्या वेळी पत्रक काढाल तेव्हा कच्चा मजकूर माझ्याकडे पाठवा. शुद्धलेखन तपासून, हिंदी तर्जुमा करून दुसऱ्या दिवशी परत करीन. संध्याकाळी सातनंतर मात्र फोन करू नये.

आपली,
एक वाचक
लोकमान्य नगर, इंदूर